परतीची तारीख घातलेलं आमंत्रण : जर्मनीच्या ‘ग्रीन कार्ड’चं प्रकरण

पुण्यात जर्मन शिकवताना दर बॅचला एक प्रश्न हमखास येतो. पहिल्या महिन्यात नाही. ‘डेअर, डी, दास’ या लिंगदर्शक उपपदांचा गोंधळ जरा निवळला, मुलं मोकळी झाली की येतो. "मॅडम, तिकडे पाच वर्षंच राहता येतं ना?" विचारणारा पंचविशीतला असतो, पण प्रश्न त्याचा नसतो. तो काकांचा असतो, मामाचा असतो, शेजारच्या दादाचा असतो. २००१-०२च्या सुमारास त्यांच्यापैकी कुणीतरी जर्मनीला जाऊन आलेलं असतं किंवा जाता जाता अमेरिकेला गेलेलं असतं. त्या वेळच्या जर्मन ‘ग्रीन कार्ड’ची पाच वर्षांची अट घरात अजून सगळ्यांना पाठ आहे.

ती अट रद्द होऊन वीस वर्षं उलटली. मधल्या काळात जर्मनीने परदेशी कुशल मनुष्यबळाचा कायदा पुन्हा पुन्हा बदलला, दारं बरीच मोठी केली. तरीही कोथरूड-सांगवीतल्या घरांत आधी आठवते ती जुनी अटच. एखादं सरकार बाहेरच्या माणसाला ‘या’ म्हणतं तेव्हा तो माणूस त्या वाक्यातलं नेमकं काय ऐकतो, हे समजून घ्यायला मला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

हानोव्हर, फेब्रुवारी २०००

हानोव्हरला सेबिट नावाचं संगणक क्षेत्राचं मोठं प्रदर्शन भरत असे. फेब्रुवारी २०००मध्ये त्याच्या उद्‌घाटनाला चॅन्सलर, म्हणजे जर्मनीचे सरकारप्रमुख, गेऱ्हार्ड श्रोडर आले आणि त्यांनी जाहीर केलं, की परदेशी संगणकतज्ज्ञांना जर्मनीत आणण्यासाठी आपण ‘ग्रीन कार्ड’ देणार. या उद्योगाची संघटना ‘बिटकॉम’ तेव्हा ७५,००० तज्ज्ञ कमी पडत असल्याचं सांगत होती. वायटूकेचं, म्हणजे सन २०००साठी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचं, काम नुकतंच पार पडलं होतं, इंटरनेटच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले होते आणि प्रोग्रॅमर मिळेना म्हणून कामं अडून पडली होती.

आज हे वाचताना घोषणा साधी वाटते. पण तेव्हाच्या जर्मनीत ती धक्कादायक होती आणि त्याला दोन कारणं होती.

एक म्हणजे, देशात त्या वेळी जवळजवळ ४० लाख लोक बेकार होते. पूर्वेकडच्या राज्यांत तर कारखान्यांमागून कारखाने बंद पडले होते. ज्याच्या घरात दोन माणसं कामाविना बसली आहेत त्याला चॅन्सलरने ‘बाहेरून माणसं आणू या’ म्हणावं, हे पचायला जड होतं.

दुसरं कारण जुनं होतं. १९५५मध्ये इटलीशी करार करून पश्चिम जर्मनीने बाहेरून कामगार आणायला सुरुवात केली. १९६१मध्ये तुर्कस्तानशी करार झाला. या लोकांना नाव मिळालं ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार. पाहुणा आला की जाणार, हे त्या नावातच होतं. दोन वर्षं काम करायचं, पैसे गाठीला बांधायचे, परत जायचं आणि त्या जागी दुसरा येणार, अशी मूळ कल्पना. १९६४मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनवर उतरला, तेव्हा त्या पोर्तुगीज माणसाला फुलं आणि एक मोपेड भेट देण्यात आली. तो फोटो जर्मन शाळांच्या पुस्तकांत असतो. पण तरबेज झालेला कामगार दर दोन वर्षांनी घालवून नवा शिकवणं कारखानदारांना परवडेना. माणसं राहिली, बायकामुलं आली, मुलं तिथल्या शाळांत गेली. मग तेलसंकट आलं आणि २३ नोव्हेंबर १९७३ला सरकारने बाहेरून कामगार भरती करणंच बंद केलं. त्यानंतर थोडेफार अपवाद सोडले तर हे दार सत्तावीस वर्षं बंद होतं आणि ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ हे वाक्य राजकारणात ठरून गेलं होतं.

श्रोडर यांनी ते दार उघडलं खरं. पण उघडताना त्यांच्या सरकारने पाहुण्या कामगारांच्या काळातलीच कडी नव्याने बसवली, असं माझं मत आहे.

काय देऊ केलं होतं

नियम १ ऑगस्ट २०००पासून लागू झाले. संगणक क्षेत्रातली पदवी हवी, किंवा पदवी नसेल तर वर्षाला किमान एक लाख मार्क पगाराची नोकरी हवी. युरोच्या हिशेबात साधारण ५१,०००. कार्डांची एकूण मर्यादा २०,०००. जर्मनीतच शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही याचा लाभ घेता येणार होता, आणि पहिलं कार्ड आखेनच्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या एका इंडोनेशियन तरुणाला मिळालं. जर्मन भाषेची अट नव्हती. मंजुरी काही दिवसांत मिळायची. ज्यांनी जर्मन सरकारी कचेऱ्यांत फायली घेऊन वाट पाहिली आहे त्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल कळेल.

आणि राहण्याची मुदत? जास्तीत जास्त पाच वर्षं.

नाव अमेरिकेकडून घेतलेलं होतं. पण अमेरिकेचं ग्रीन कार्ड म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क. सबंध भारतात त्या दोन शब्दांचा तोच एक अर्थ रूढ होता. जर्मनीने तेच नाव घेतलं आणि आत अगदी उलटी वस्तू ठेवली. मला हे साधं नावाचं प्रकरण वाटत नाही. हैदराबाद, बंगळूर, पुणे इथल्या इंजिनिअरांनी जाहिरातीतलं नाव वाचलं, मग अटी वाचल्या, आणि आपल्याला किती काळासाठी बोलावलं जातंय ते त्यांना बरोबर कळलं. विश्वास बसायच्या आधीच उडाला.

जोडीदाराचा मुद्दा तर त्याहून अवघड होता. कार्डधारकाची बायको किंवा नवरा सोबत येऊ शकत होता, पण आल्या आल्या काम करू शकत नव्हता. त्याला थांबावं लागायचं. त्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर मुलाचं लग्न झालं असेल तर बायको बहुधा शिकलेली, बहुधा नोकरी करणारी. तिला सांगायचं, की चल, तुझी भाषा नसलेल्या गावात, घरात बस, आणि पाच वर्षं झाली की आपण परत येऊ. तोवर तुझ्या नोकरीत मोठी फट पडलेली असेल. मुलगा जर्मन बालवाडीतून पहिलीत गेला असेल आणि त्याला देवनागरी येत नसेल. हा हिशेब घराघरांत, रात्रीच्या जेवणानंतर, व्हिसाचा फॉर्म भरायच्या आधी झालेला आहे. अर्जांच्या आकडेवारीत तो कुठे दिसत नाही, कारण अर्ज झालेच नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने एच-वन-बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,०००वर नेली. तिकडेही अडचणी होत्याच. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, गेलेल्या बायकांना काम करता येत नव्हतं, तेही वर्षानुवर्षं. पण भाषा इंग्रजी होती, कॉलेजचे सिनिअर तिथे होते, न्यू जर्सीत महाराष्ट्र मंडळ होतं, आणि मुख्य म्हणजे तिकडे काम करता करता कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येत होता. जो वरचेवर मुलाखती देत होता, ज्याच्यापुढे दोन्ही कागद होते, त्याने कुठला उचलला असेल?

‘किंडर श्टाट इंडर’

मार्च २०००मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात निवडणुकीचा प्रचार रंगात आला होता. विरोधी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार युर्गेन ऱ्युटगर्स म्हणाले, की संगणकापुढे भारतीयांना बसवण्यापेक्षा आपल्या मुलांना बसवा. वर्तमानपत्रांनी ते तीन शब्दांत आणलं : ‘किंडर श्टाट इंडर’. किंडर म्हणजे मुलं, इंडर म्हणजे भारतीय, श्टाट म्हणजे ऐवजी. भारतीयांऐवजी मुलं. यमक इतकं चपखल, की घोषणा लोकांच्या तोंडी बसली. पक्षाने पोस्टकार्डांची मोहीम काढली.

ऱ्युटगर्स त्याआधी, श्रोडर यांच्या आधीचे चॅन्सलर हेल्मुट कोल यांच्या सरकारात शिक्षण आणि संशोधन खात्याचे मंत्री होते. विद्यापीठांत संगणकशास्त्राकडे पुरेशी मुलं वळली नसतील तर त्याची चर्चा त्यांच्या खात्यापासूनच सुरू व्हायला हवी होती. शिवाय २०००मध्ये संगणकापुढे बसवलेलं दहा वर्षांचं मूल नोकरीच्या बाजारात यायला आणखी बारा-पंधरा वर्षं लागणार होती. जागा आज रिकाम्या होत्या. मे महिन्यातली ती निवडणूक ऱ्युटगर्स हरले. पण घोषणा भारतीय वर्तमानपत्रांपर्यंत पोचायची ती पोचली होती. मी तेव्हा भाषेची विद्यार्थिनी होते. आमच्या वर्गात ‘श्टाट’ या शब्दाला षष्ठी विभक्ती लागते हे शिकवलं जात होतं आणि बाहेर त्या शब्दाचं उदाहरण म्हणून आम्हीच वापरले जात होतो. आमच्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून वर्गाला आला नाही. त्याने कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये पूर्व जर्मनीत डेसाऊ इथे मोझांबिकहून आलेल्या, तिथे संसार थाटलेल्या एका माणसाला नवनाझी तरुणांनी मारून टाकलं. ऑक्टोबरमध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते फ्रीडरिश मेर्त्स यांनी ‘लाइटकुल्टुअर’, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांनी मान्य करावी अशी प्रमुख संस्कृती, हा शब्द राजकारणात आणला आणि त्यावर महिनोन्‌महिने वाद झाला. सरकारचं एक खातं कार्ड वाटत होतं आणि त्याच वेळी रस्त्यावरून, भाषणांतून वेगळेच निरोप जात होते. माणूस निर्णय घेताना हे सगळं एकत्र ऐकतो. व्हिसाचं माहितीपत्रक तो बाकीच्या बातम्यांपासून वेगळं काढून वाचत नाही.

निकाल

२००४च्या अखेरीपर्यंत, म्हणजे साडेचार वर्षांच्या आसपास, जेमतेम १८,००० कार्डं मंजूर झाली. २०,०००ची मर्यादा भरलीच नाही. ७५,००० जागा रिकाम्या असल्याची ओरड ज्या देशात होती त्या देशात हे घडलं. देशवार पाहता सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. रुमानिया, रशिया अशा देशांतूनही बरेच जण आले. बहुतेकांनी म्युनिक, फ्रँकफर्ट, श्टुटगार्टच्या आसपास काम घेतलं.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. अपयशाचं सगळं खापर अटींवर फोडता येणार नाही. मार्च २०००नंतर शेअर बाजार घसरायला लागला. नव्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी फ्रँकफर्टला उघडलेला ‘नॉयर मार्क्ट’ हा बाजार इतका कोसळला, की २००३मध्ये तो बंदच करावा लागला. मागणीच आटली. अमेरिकेतही त्या काळात बॅगा भरून परतलेली मुलं मी पाहिली आहेत.

पण मंदीतच त्या कार्डाचा कच्चा धागा उघडा पडला. वास्तव्याचा आधार नोकरी. नोकरी गेली की आधार गेला. स्थानिक सहकाऱ्याला काढलं तर तो बेकारभत्ता घेऊन दुसरी नोकरी शोधतो. कार्डवाल्याला नोकरीसोबत घराचा करार, मुलाची शाळा आणि देश, सगळंच हातातून जाण्याची धास्ती. ज्यांनी या धास्तीचे महिने काढले त्यांनी परत आल्यावर आपल्या भावांना, भाच्यांना काय सांगितलं असेल? माझ्या वर्गातला तो प्रश्न तिथूनच आलेला आहे.

योजनेच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी तिने करून दाखवल्या. कचेरीने मनात आणलं तर परवाना काही दिवसांत देता येतो, हे सिद्ध झालं. आणि सत्तावीस वर्षांची बंदी मोडता येते, देश बुडत नाही, हेही लोकांनी पाहिलं. पुढचे सगळे कायदे त्या फटीतूनच आत आले.

दुरुस्तीला लागलेली वीस वर्षं

ग्रीन कार्डावरचा वाद पाहून सरकारने २०००मध्येच एक आयोग नेमला. अध्यक्ष होत्या रीटा झ्युसमुथ, विरोधी पक्षातल्या, संसदेच्या माजी सभापती. जुलै २००१मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितलं, की जर्मनीला बाहेरच्या माणसांची गरज आहे, ती मान्य करून नीट व्यवस्था लावा; शिक्षण, वय, भाषा यांना गुण देऊन माणसं निवडा, आणि आलेल्यांना भाषा शिकवा. कॅनडाचा अनुभव समोर होताच.

त्यावर विधेयक आलं. मार्च २००२मध्ये राज्यांच्या सभागृहात मतदान झालं तेव्हा ब्रांडेनबुर्ग राज्याच्या एका मंत्र्याने ‘हो’ आणि दुसऱ्याने ‘नाही’ म्हटलं. राज्याचं मत एकच असावं लागतं. सभापतींनी ते ‘हो’ धरलं. विरोधी राज्यं घटनापीठाकडे गेली आणि डिसेंबर २००२मध्ये न्यायालयाने कायदाच रद्द केला. पुन्हा वाटाघाटी, पुन्हा तडजोडी. अखेर १ जानेवारी २००५ला जो कायदा लागू झाला त्यातून गुणपद्धत गळाली होती. ६०० तासांच्या भाषावर्गांची सोय मात्र आली, आणि ती माझ्या दृष्टीने त्या कायद्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. टिकून राहिलेल्या कार्डधारकांनाही पुढे राहण्याची वाट मिळाली.

नंतर १ ऑगस्ट २०१२ला युरोपीय संघाचं ‘ब्लू कार्ड’ जर्मनीत लागू झालं. ग्रीन कार्डाच्या अटी शेजारी ठेवून हे कार्ड वाचलं, की कुठे काय दुखलं होतं ते बोट ठेवून दाखवता येतं. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा, आणि त्यासाठी आधी जर्मनची परीक्षाही नको. कायमच्या वास्तव्याचा हक्क ३३ महिन्यांनी, बी-वन पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार निभावतील एवढी, भाषा आली तर २१ महिन्यांनीच. म्हणजे भाषा शिकण्याला बक्षीस. (आता ३३चे २७ झाले आहेत.) पूर्वीच्या कागदावर जाण्याची तारीख होती, या कागदावर मुळं धरण्याची तारीख आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्णायक बदल तो एवढाच. पगाराची मर्यादाही उतरली, पण पगाराच्या आकड्यामुळे येणारा माणूस थांबल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

बाकीचं भराभर सांगते. १ मार्च २०२०ला पदवी नसलेल्या पण धंदेशिक्षण घेतलेल्या कारागिरांसाठी कायदा आला. डिसेंबर २०२२मध्ये भारत-जर्मनी स्थलांतर करारावर दिल्लीत सह्या झाल्या. २०२३मध्ये कायदा पुन्हा सैल केला. अनुभवी संगणकतज्ज्ञाला पदवीशिवाय ब्लू कार्ड मिळू लागलं. १ जून २०२४ला ‘चान्सनकार्टं’, म्हणजे संधीपत्र आलं : वय, भाषा, अनुभव यांचे सहा गुण जमवा आणि नोकरी शोधायला वर्षभरासाठी या. झ्युसमुथ यांनी सुचवलेली गुणपद्धत तेवीस वर्षांनी का होईना उगवली. ऑक्टोबर २०२४मध्ये भारतीय कुशल कामगारांचा वार्षिक व्हिसा-कोटा २०,०००वरून ९०,०००वर नेण्याची घोषणा झाली. त्याच जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा झाला, २०२४-२५मध्ये ५९,०००च्या आसपास. ‘लाइटकुल्टुअर’ म्हणणारे मेर्त्स मे २०२५पासून चॅन्सलर आहेत आणि भारतीय मनुष्यबळ हवं हे त्यांचंही सरकार मानतं.

कडी आता कुठे आहे

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी कोथरूडमधल्या एका घरी गेले होते. नवरा मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्टुटगार्टजवळ नोकरी लागलेली, ब्लू कार्ड हातात. बायको माझी विद्यार्थिनी, दंतवैद्य. कर्वे रस्त्याजवळ सहा वर्षं स्वतःचं क्लिनिक चालवलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचे ढीग होते. बीडीएसची पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, डेंटल कौन्सिलची नोंदणी, चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र, कुठल्या विषयाचे किती तास झाले याचा कॉलेजच्या शिक्क्याचा तक्ता. प्रत्येक कागदाची शपथबद्ध अनुवादकाकडून केलेली जर्मन प्रत. वरण उतू जात होतं आणि ती गॅस बंद करायला उठताना म्हणाली, "मॅडम, याचा व्हिसा चार ओळींत झाला. माझं बघा."

कायद्याने ती पहिल्या दिवसापासून काम करू शकते. दंतवैद्य म्हणून मात्र नाही. त्यासाठी ‘अप्रोबात्सिओन’ लागतं, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना. तो सोळा राज्यांपैकी ज्या राज्यात राहणार तिथलं खातं देतं. आधी पदवीची तुलना होते. फरक निघाला, आणि तो बहुधा निघतोच, तर ज्ञानाची परीक्षा. त्याशिवाय वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, सी-वन या बी-वनहून बऱ्याच वरच्या पातळीची : रुग्णाशी बोलायचं, टिपण लिहायचं, सहकारी डॉक्टरला केस समजावून सांगायची. दातांची रुग्ण म्हणून मी या परीक्षेच्या बाजूने आहे. माझ्या तोंडात ड्रिल घालणाऱ्या माणसाला ‘दुखतंय’ आणि ‘बधिर झालंय’ यांतला फरक कळलाच पाहिजे. माझी तक्रार वेळेविषयी आहे. महिनोन्‌महिने फाइल कुठे आहे हे कळत नाही, आणि त्या महिन्यांत सहा वर्षं दवाखाना चालवलेली बाई घरात बसते. २०००मध्ये जी कडी व्हिसाला होती ती आता परवाना देणाऱ्या खात्याच्या दाराला आहे. आत बसलेल्या बाईला दोन्हींत फरक कमीच जाणवतो.

परिचारिकांचंही असंच होतं. केरळ सरकारने २०२१मध्ये आपल्या ‘नोर्का रूट्स’ संस्थेमार्फत जर्मन रोजगार खात्याशी करार केला. मुलींना इथेच भाषा शिकवायची, मग तिथे नेऊन पात्रता पूर्ण करून घ्यायची, आणि मुलीच्या खिशातून भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत. हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे आलेल्या सांगली जिल्ह्यातल्या एका नर्सकडून एका एजंटाने ‘गॅरंटी’ म्हणून घेतलेले पैसे तिच्या आईने पाटल्या मोडून भरले होते. पत्र आलं नाही, पैसेही आले नाहीत. सरकारी वाट अरुंद असली, की अशी माणसं बाजूला दुकान मांडून बसतात.

आणि आता आपला करार. महाराष्ट्राचं आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचं नातं जुनं आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, दोन्ही राज्यांची भागीदारी २०१५पासून आहे, श्टुटगार्टच्या मर्सिडीजचा कारखाना चाकणला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये दोन्ही राज्यांनी सामंजस्य करार केला : महाराष्ट्रातून १०,००० कुशल तरुण पाठवायचे. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, चालक, हॉटेल कर्मचारी. जर्मन शिकवण्याचा भार राज्याने उचलायचा.

मला हा करार मनापासून हवा आहे. बीडच्या किंवा नंदुरबारच्या आयटीआयमधल्या मुलाला पदवीधर इंजिनिअरांच्या रांगेत उभं न राहता सरळ वाट मिळावी, ही कल्पनाच मोठी आहे. म्हणूनच आकड्याआधी मला तीन गोष्टी लिहिलेल्या पाहायच्या आहेत.

आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जर्मनीत त्याच कामाचं ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे धंदेशिक्षण, साडेतीन वर्षांचं, आणि त्यातला बराच वेळ कंपनीत प्रत्यक्ष कामावर. तुलना झाली की आपल्या मुलाला ‘अंशतः समतुल्य’ असं पत्र मिळणार. उरलेला भाग तो कुठे, किती महिन्यांत, कोणत्या पगारावर पूर्ण करणार, हे तो विमानात बसण्याआधी ठरलेलं हवं. नाहीतर हाताला कसब असलेला वीजतंत्री गोदामात खोकी उचलताना सापडेल.

दुसरी गोष्ट भाषेची. शून्यापासून बी-वनपर्यंत न्यायला रोज तीन-चार तास वर्ग घेतले तरी माझ्या अनुभवात आठ ते दहा महिने लागतात, आणि हा मुलगा त्या काळात कमवत नसतो. फी सरकारने भरली तरी पुण्यात राहण्याचं, मेसचं काय? निम्मी मुलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात ती व्याकरणामुळे गळत नाहीत.

तिसरी गोष्ट तीच, पंचवीस वर्षांपूर्वीची. कंपनीने दोन वर्षांत काढून टाकलं तर काय? बायकोला कधी नेता येईल, ती काय करू शकेल? मराठी घर हेच विचारणार. हे प्रश्न मुलाने मेळाव्यात उठून विचारायच्या आधी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवेत, शुद्ध मराठीत, जर्मन कायद्याच्या कलमांसकट.

माझी दंतवैद्य मार्चमध्ये गेली. आता एका दवाखान्यात मदतनीस म्हणून उभी असते, डॉक्टरच्या हातात उपकरणं देते. जाण्याआधीच्या शेवटच्या तासाला आम्ही दातांची नावं केली होती. अक्कलदाढेला जर्मनमध्ये ‘वाइसहाइट्सत्सान’, शहाणपणाचा दात म्हणतात हे कळल्यावर ती खूप वेळ हसली होती. म्हणाली, एक शब्द तरी आधीपासून येत होता. गेल्या रविवारी तिचा फोन आला. भाषेच्या परीक्षेची तारीख मिळाली आहे, अजून सात आठवडे आहेत. रोज संध्याकाळी भारतीय वेळेनुसार साडेदहाला ती दवाखान्यातून सुटते. तेव्हा मी रुग्ण व्हायचं, दाढ दुखतेय म्हणायचं, आणि मुद्दाम त्यांच्या गावच्या श्वाबियन बोलीत तोंडातल्या तोंडात बोलायचं, असं ठरलं आहे.